निरंक चालणार नाही

निवडणूक जिंकायला फारसे काही लागत नाही, मते मिळाली की झाले. हरायला मात्र शिस्त लागते. जिंकलेल्या माणसाला काय करायचे ते कोणी शिकवावे लागत नाही. तो गुलाल उधळतो, गळ्यात हार घालून घेतो आणि पाच वर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हरलेल्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळावर, त्याच शेजाऱ्यांच्या मागे, हातात बादली घेऊन उभे राहायचे असते. त्या वेळी चेहरा कसा ठेवावा, कोणाकडे बघावे आणि कोणाला नावे ठेवावीत हे ज्याच्या त्याच्यावर सोपवले तर लोकशाही चालणार नाही.

ही गोष्ट सर्वोन्नती पक्षाने ओळखली होती. पक्षाची निशाणी शिडी. साठ आणि सत्तर सालांच्या मधल्या काळात हा पक्ष मुंबईच्या उपनगरांत महापालिकेची प्रत्येक निवडणूक नेटाने लढवत असे आणि तितक्याच नेटाने हरत असे. त्यामुळे पराभवाच्या शास्त्रात त्याची बरोबरी करणारा दुसरा पक्ष नव्हता. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी जो वॉर्ड आहे, तिथले उमेदवार शिवदासभाऊ हे जळाऊ लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांनी आतापर्यंत दोनदा हार पचवली होती आणि तिसऱ्यांदाही पचवायला त्यांची प्रकृती उत्तम होती.

निकाल लागला आणि तिसऱ्याच दिवशी पक्षाच्या मुख्य कचेरीतून 'पराभवोत्तर आचरण : परिपत्रक क्रमांक तीन' हे सायक्लोस्टाइल केलेले पाच पानी पत्रक वॉर्डात येऊन दाखल झाले. (इतक्या लवकर ते छापले कसे, अशी शंका कोणी कोणी काढली. पत्रकावर मतदानाच्या आठ दिवस आधीची तारीख होती. याला दूरदृष्टी म्हणतात.) पत्रक वॉर्डाचे चिटणीस सहदेव परब यांच्या नावे होते.

सहदेव कुर्ल्याच्या कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवी आणि कुडाळकर चाळीच्या पहिल्या मजल्यावर बायको रुक्मिणीसह राही. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. ज्याचे अक्षर चांगले त्याला आपल्याकडे चिटणीस करतात आणि मग त्याच्या अकलेची चौकशी करत नाहीत, त्यामुळे सहदेव अकरा वर्षे त्या पदावर सुखात होता. पक्षावर त्याची निष्ठा होती, पण त्याहून मोठी निष्ठा होती ती परिपत्रकांवर. छापील कागदात लिहिले आहे म्हणजे त्यामागे कोणीतरी विचार केला असणार, असे तो मनापासून मानी.

पत्रकातली काही कलमे अशी होती. निकाल लागल्यापासून तीन दिवस निकालावर विश्वास ठेवू नये. चौथ्या दिवसापासून ठेवावा, पण मनापासून नव्हे. विजयी उमेदवार रस्त्यात भेटल्यास ओळख दाखवावी. मात्र हसताना दात दिसणार नाहीत याची दक्षता घ्यावी. 'नैतिक विजय' हे शब्द दिवसातून किमान दोनदा, शक्यतो जेवणाआधी, मोठ्याने उच्चारावेत. पराभवाची मीमांसा करण्यासाठी पाच जणांची समिती नेमावी व तीत उमेदवाराने स्वतः बसावे, म्हणजे समिती उमेदवाराला दोष देणार नाही. आणि शेवटचे, नववे कलम: 'प्रत्येक वॉर्डाने किमान एक फितूर शोधून त्याचे नाव सोबतच्या नमुन्यात भरावे व एप्रिलअखेर मुख्य कचेरीस पाठवावे. निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही.'

चाळीने पत्रक अक्षरशः पाळले. छत्री निशाणीवर जिंकलेल्या छत्रीवाल्यांची विजयाची मिरवणूक लेझीम खेळत चाळीसमोरून गेली तेव्हा साठ खोल्यांच्या खिडक्या एकदम बंद झाल्या आणि कोणाच्या तरी लग्नाची वरात असेल, असे लोक एकमेकांना सांगत राहिले. सुतक कसे पाळायचे ते पत्रकात लिहिले नव्हते, पण काही तरी सोडायला हवे म्हणून मालवणी माणसांनी तीन दिवस मासळी सोडली. शिडीसाठी याहून मोठा त्याग मुंबईत झाला नसेल. माहुलहून रोज पाटी घेऊन येणाऱ्या सरूबाई कोळणीला कळेना की चाळीत कोण गेले. तिने खालूनच दोनदा विचारले आणि कोणीच गेले नाही असे ऐकून ती चिडून परत गेली.

मग समिती बसली. पहिल्या आठवड्यात समितीपुढे पराभवाची एकूण त्रेचाळीस कारणे आली. सतरा जणांच्या मते छत्रीवाल्यांनी पैसे वाटले (ते आपल्याला का मिळाले नाहीत, याबद्दल सतरापैकी सोळा जणांनी खेद नोंदवला). सहा जणांनी बोटाच्या शाईवर संशय घेतला. चार जणांनी मतपेटी हलवताना ती नीट खडखडली नाही असे सांगितले. एका निवृत्त पोस्टमनने निदर्शनास आणले की मतपत्रिकेवर शिडी उलटी छापली होती. शिडी उलटी केली तरी शिडीच दिसते, असा आक्षेप समितीने नोंदवून घेतला आणि कारण कायम ठेवले.

खरे कोडे वेगळेच होते. शिवदासभाऊ एकशे सदतीस मतांनी पडले होते. कुडाळकर चाळ म्हणजे शिडीचा बालेकिल्ला. चाळीत आणि मागच्या बैठ्या खोल्यांत मिळून दोनशे मतदार, आणि दोनशेही शिडीचे. असे असून चाळीच्या केंद्रावर शिडीला मते पडली छत्तीस. एकशे चौसष्ट मते गेली कुठे? एवढी मते एका रात्रीत फिरतात म्हणजे आत कोणीतरी सुरुंग लावला असणार. चाळीच्या निष्ठेबद्दल तर बोलायलाच नको. मतदानाच्या दिवशी चाळीतली जवळजवळ सगळी निष्ठावंत मंडळी शिडीच्या विजयासाठी गावी, शिरगाळ्यात, रवळनाथासमोर उभी होती.

हे जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण संघटनाकौशल्याचा असा नमुना पुन्हा बघायला मिळणे कठीण. मतदान आले होते ऐन शिमग्यात. चाकरमानी शिमग्याला गावी जातो, पालखी खांद्यावर घेतो आणि देवाला गाऱ्हाणे घालतो. चाळीचे जे काही अडले असेल ते त्या गाऱ्हाण्यात येते. नोकरी, नळ, पोरीचे स्थळ, सगळे. तेव्हा या वर्षी भाऊंच्या विजयाचे गाऱ्हाणे घालावे हे ओघानेच आले. सूचना सहदेवची होती. ते कधी घालावे यावर तीन बैठका झाल्या. आधी घातले तर मतदानापर्यंत त्याचा जोर ओसरेल, नंतर घातले तर उपयोग नाही. शेवटी सहदेवनेच तोडगा काढला: मतदानाच्या दिवशीच, सकाळी आठाला मुंबईत मतदान सुरू होईल त्या ठोक्याला शिरगाळ्यात नारळ वाढवायचा. आणि गाऱ्हाण्याला तोंडे जितकी जास्त तितके बरे, म्हणून मतदार यादीतूनच नावे काढून जाणाऱ्यांची यादी केली. एकशे चौसष्ट नावे झाली. शिमग्याच्या दिवसांत बोटीची तिकिटे मिळणे महाकठीण, पण छत्रीवाल्यांच्या ओळखीच्या एका कारकुनाने ती सगळी दोन दिवसांत काढून दिली. (राजकारणात एवढा निकोप स्नेह हल्ली राहिलेला नाही.) मंडळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसली तेव्हा शिवदासभाऊ स्वतः निरोप द्यायला आले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

निघताना आपले मत राहील हे प्रत्येकाच्या मनात येऊन गेले. पण एका मताने काय होते, बाकीचे एकशे त्रेसष्ट आहेतच, असे प्रत्येकाने स्वतःला समजावले. ते कोणी बोलून मात्र दाखवले नाही, कारण बोलण्यासारखे त्यात काही नव्हते.

तर अशा चाळीत फितूर शोधायचा होता. समितीने शास्त्रीय पद्धत वापरली. फितुरी करायला माणूस जागेवर हजर लागतो. शिरगाळ्याला गेलेले एकशे चौसष्ट जण त्या दिवशी देवासमोर होते, याला खुद्द देव साक्षी, ते सुटले. उरलेल्या छत्तिसांत बहुतेक म्हातारी माणसे आणि अंगावर मूल असलेल्या बायका. धडधाकट पुरुष एकच राहिला, तो म्हणजे तळमजल्यावरचा दशरथ टेलर.

एकदा नाव निघाल्यावर पुरावे भराभर सापडले. दशरथ गावी गेला नव्हता. चाळीतल्या साऱ्या कर्त्या पुरुषांत शाई लागलेले बोट त्याच्या एकट्याचे होते. छत्रीच्या उमेदवाराचा एक सदराही त्याने जानेवारीत शिवला होता आणि तो अंगासरसा बसला होता. का राहिलास, असे विचारल्यावर तो म्हणाला की मुलीचे, नलिनीचे लग्न अक्षय तृतीयेला आहे आणि हातात शिवणकाम पडले आहे. एवढे पटण्यासारखे कारण निरपराध माणूस देत नाही, असे समितीचे मत पडले.

अजून अहवाल लिहायचा होता, ठराव व्हायचा होता. पण चाळीला ठरावाची वाट बघावी लागत नाही. चाळीतले लग्न एकट्या घराचे नसते. वऱ्हाड चार खोल्यांत उतरते, पाणी दहा घरांतून भरले जाते, मांडवाला हात लावायला वीस माणसे लागतात. नलिनीच्या लग्नाचे पापड दशरथच्या ओट्यावर लाटले जात होते. एका दुपारी बायका उठल्या, आपापली पोळपाट-लाटणी पुसून काखेत मारली आणि वर निघून गेल्या. अर्धे पापड लाटलेले आणि अर्ध्या लाट्या तशाच तेलात पडलेल्या, त्यांच्यासमोर नलिनी एकटी बसून राहिली. रुक्मिणीने हे जिन्यातून पाहिले. ती खाली जाऊन तिच्यासोबत लाटायला बसली नाही. त्या गोष्टीची तिला त्या दिवसापासून लाज वाटत होती आणि तिने ती नवऱ्याला बोलूनही दाखवली.

दुसऱ्या दिवशी दशरथ वर आला. तो आणि सहदेव पंधराव्या वर्षी एकाच बोटीने मुंबईला आले होते. सहदेवच्या अंगावरचा एकुलता एक कोट दशरथने शिवला होता, आणि विजयाच्या मिरवणुकीसाठी नवा सदराही त्याने बेतून ठेवला होता. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"सहदेवा, मिया शिडयेरच शिक्को मारलंय. तुका तरी म्हायत आसा."

सहदेवने बघतो म्हणून सांगितले. हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात नकार नसतो, होकार नसतो, आणि ऐकणाऱ्याला खाली जिना उतरेपर्यंत धीर येतो.

दशरथ गेल्यावर मात्र सहदेवला जेवण गेले नाही. दशरथ खोटे बोलत नाही हे त्याला ठाऊक होते. पण कलम नऊही खोटे नव्हते. अहवाल आणि नमुना दोन्ही त्यालाच भरायचे होते, एप्रिल संपत आला होता आणि एका रकान्यात एक नाव बसवायचे होते. दशरथचे नाव लिहिले तर नलिनीच्या मांडवात माणूस येणार नाही, मुलाकडचे ते बघतील आणि पुढे काय होते हे चाळीत राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. लिहिले नाही तर अहवाल निरंक.

समितीच्या नियमाप्रमाणे त्रयस्थ साक्षीदार तपासायचा राहिला होता. चाळीत रोज येणारी आणि चाळीच्या मतदार यादीत नसलेली व्यक्ती एकच होती. सकाळी सरूबाई पाटी घेऊन आली तेव्हा सहदेव वही-पेन्सिल घेऊन खाली गेला आणि मतदानाच्या दिवशी चाळीत तिला काही संशयास्पद दिसले का, असे त्याने रीतसर विचारले. सरूबाईच्या डोक्यात त्या दिवसाचा राग अजून होता.

"त्या दिशी चाळीन होता कोन? येकला टेलर. त्यानं चार बांगडं घेतलं न् बाकीची पाटी मी तशीच घरा नेली."

सहदेवने ते लिहून घेतले, खाली तारीख घातली आणि वर येऊन रुक्मिणीला वाचून दाखवले. साक्ष टेलरच्या विरुद्ध जाते असे त्याला वाटत होते. रुक्मिणी चुलीसमोर होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

"आणि त्या दिवशी तुमी खंय होतास?"

कुठे म्हणजे शिरगाळ्यात, असे तो म्हणाला. सगळेच होतो. मग तो उठला. त्याने ट्रंकेतून बोटीच्या प्रवाशांची यादी काढली. ती त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरात होती. प्रत्येक नावापुढे त्याने मतदार यादीतला क्रमांकसुद्धा घातला होता, कारण काम अर्धवट करणे त्याच्या स्वभावात नव्हते. एकशे चौसष्ट नावे, एकशे चौसष्ट क्रमांक. हरवलेली मते शोधायला पाच माणसांची समिती महिनाभर बसली होती आणि ती सगळी त्याच्या ट्रंकेत, घडी घालून, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली होती. सहदेवला आधी हसू आले, मग कानशिले तापली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच छापील कागदापेक्षा वेगळे काहीतरी त्याला स्वतःहून कळले होते आणि ते कळल्याचे त्याला अतोनात वाईट वाटले. दोन दिवस तो अहवाल लिहीत होता. त्यात त्याने एक शब्दही खोटा लिहिला नाही.

सभा रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात भरली. पटांगण म्हणजे जिथे नलिनीचा मांडव पडायचा होता तीच जागा. सहदेव वाचायला उभा राहिला. शिरगाळ्याहून आल्यापासून लोकांना एक सवय लागून राहिली होती. कोणी उभे राहून लांबलचक सुरात काही वाचले की परिच्छेद संपताना सगळे एकदम गाऱ्हाण्यासारखा होकार भरत. सहदेवने वाचले की पक्षाने अतोनात मेहनत घेतली. 'व्हय म्हाराजा,' सभा म्हणाली. भाऊंसारखा उमेदवार लाभायला भाग्य लागते. व्हय म्हाराजा. दशरथ टेलर यांनी शिडीलाच मत दिले असून त्यांच्यावरील आळ निराधार आहे. व्हय म्हाराजा. मतदानाच्या दिवशी आपण एकशे चौसष्ट जण गावी होतो आणि आपल्यापैकी एकानेही मत दिले नाही, म्हणून आपण हरलो. व्हय म्हाराजा.

अशा रीतीने मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनात प्रथमच एका सभेने संपूर्ण सत्य एकमताने मंजूर केले. आपण काय मंजूर केले ते लोकांना साधारण अर्ध्या मिनिटाने कळले. मग सगळ्यांनी भाऊंकडे बघितले.

शिवदासभाऊ उठले. आधीच्या दोन पराभवांचा अनुभव अशा वेळी कामी येतो. त्यांनी आवाज चढवला नाही. चिटणीसांच्या प्रामाणिकपणाचे त्यांनी तोंड भरून कौतुक केले आणि मग तीन गोष्टी सभेपुढे ठेवल्या. पहिली, मंडळी देवाच्या कामाला गेली होती; त्यांना दोष दिला तर तो देवाकडे जातो, आणि देवाला दोष देणारा माणूस या सभेत नसावा. दुसरी, मंडळी आपणहून गेली नाहीत. कोणीतरी यादी केली, वेळ ठरवली, तिकिटे आणली. तिसरी, ती तिकिटे छत्रीवाल्यांच्या कारकुनाकडून आणली.

"मी कोणाचं नाव घेत नाही," भाऊ म्हणाले. "रकाना एकच आहे."

सभेने सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला की समोरच्या बोळातली कोंबडी उडाली. एकशे चौसष्ट माणसे हरवलेल्या मतांच्या ओझ्याखाली अर्धा मिनिट चिरडली होती, ती पुन्हा ताठ झाली. ठराव झाला: मते फितुरीनेच गेली, फक्त फितूर दुसरा निघाला. दशरथ टेलर निर्दोष. सूचना भाऊंची आणि अनुमोदन निवृत्त पोस्टमनचे. विरोधी मत एकच पडले, ते रुक्मिणीचे, आणि बायकांच्या रांगेतून आल्यामुळे ते मोजले नाही.

नमुना तिथेच भरायचा ठरला. पण मुख्य कचेरीला जाणारा कागद, तेव्हा अक्षर चांगले हवे. चाळीत तसे अक्षर एकाचेच होते. सहदेवने टाक उचलला, 'फितुराचे संपूर्ण नाव' या रकान्यात 'सहदेव विठोबा परब' असे लिहिले आणि खाली 'चिटणीस' म्हणून सही केली. सगळ्यांनी येऊन अक्षर बघितले आणि ते नेहमीप्रमाणे सुरेख आल्याचे मान्य केले.

त्याच दुपारी बायका पोळपाट घेऊन दशरथच्या ओट्यावर परत आल्या. जणू मध्ये कोणाला पडसे झाले होते, अशा सहजतेने पापड पुढे सुरू झाले. वऱ्हाडासाठी खोल्यांची नावे आली, मांडवाचे बांबू आले. सहदेव हे वरून बघत होता आणि खरोखर सुखावला होता. आपले नाव गेले पण पोरीचे लग्न लागते आहे, एवढे त्याला पुरेसे होते. लग्नात नेसायला रुक्मिणीने जांभळे लुगडे काढून ठेवले होते.

लग्नाला दोन दिवस असताना दशरथ वर आला. या वेळीही तो उंबऱ्यातच थांबला. मिरवणुकीसाठी बेतलेला सदरा त्याने शिवून आणला होता, घडी घालून, कागदात गुंडाळून. तो त्याने सहदेवच्या हातात दिला आणि आपल्या चपलांकडे बघत म्हणाला,

"सहदेवा, लग्नाक येव नको. तू इलस तर बाकीचे येवचे नाय."

सहदेवला राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण दशरथची मान इतकी खाली होती की त्या रागाला उभे राहायला जागा मिळाली नाही. वऱ्हाडाला खोली कमी पडते आहे हे सहदेवला ठाऊक होते. त्याने खिळ्यावरची किल्ली काढून दशरथच्या हातात दिली आणि आपण नवराबायको त्या दिवशी बाहेर जाणार आहोत, खोली वापर, असे सांगितले. दशरथने किल्ली घेतली. निर्दोष माणसाला त्या वेळी दुसरे काही करता येत नव्हते.

अक्षय तृतीयेच्या सकाळी नलिनी हळदीच्या अंगाने मागच्या जिन्याने वर आली, दोघांच्या पाया पडली आणि खाली गेली. रुक्मिणी जांभळे लुगडे नेसली, सहदेवने नवा सदरा घातला आणि दोघे बस बदलत आरे कॉलनीला गेले. तिथे झाडाखाली बसून त्यांनी बाटलीतले थंड दूध घेतले. मुहूर्त साडेअकराचा होता. साडेअकराला रुक्मिणीने पिशवीतून मूठभर अक्षता काढल्या, आणि गवतावर टाकल्या. सदरा कसा बसला असे तिने विचारले. खांद्यात थोडा सैल आहे, असे सहदेव म्हणाला.

पुढची निवडणूकही फाल्गुनातच आली. पण मागच्या अनुभवातून चाळ खूप शिकली होती. मतदानाआधी कोणीही गावी जाणार नाही, असा ठराव महिनाभर आधी झाला आणि तो सर्वांनी पाळला. मतदानाच्या दिवशी एकूण एक माणूस मुंबईत होता. सरकारने सुट्टी दिली होती, हवा छान होती. एवढी सगळी मंडळी सुट्टीच्या दिवशी एकत्र सापडणे दुर्मिळ, म्हणून भाऊंनी वखारीचे दोन ट्रक दिले आणि चाळ आरे कॉलनीत वनभोजनाला गेली. संध्याकाळी पाचच्या आत परतायचे ठरले होते. मटण शिजायला वेळ लागला. मत राहून जाते आहे हे या वेळीही प्रत्येकाच्या मनात आले आणि बाकीचे आहेतच, हेही आले. दशरथही गेला होता. शाईचे बोट चाळीत काय करते हे त्याला कळले होते, आणि नलिनीच्या पाठची मुलगी लग्नाची होती.

सहदेवला कोणी बोलावले नव्हते. त्याने आणि रुक्मिणीने सकाळी आठालाच जाऊन शिडीवर शिक्का मारला. भाऊ दोनशे अकरा मतांनी पडले. संध्याकाळी चाळीत शाई लागलेले पुरुषाचे बोट पुन्हा एकच निघाले, तेव्हा समितीचे काम या खेपेस पाच मिनिटांत आटोपले.

अडचण आली ती मुख्य कचेरीकडून. 'परिपत्रक क्रमांक चार'मध्ये नवा नियम आहे की एकच नाव लागोपाठ दोनदा स्वीकारले जाणार नाही. नमुना परत आला आहे. नावाचा रकाना रिकामा आहे, आणि समिती आता चाळीबाहेरच्या नावांचाही विचार करते आहे. ज्या वाचकांना कुडाळकर चाळीचे इथवर हसू आले असेल, त्यांनी मागच्या मतदानाच्या सुट्टीला आपण नेमके कुठे होतो ते स्वच्छ अक्षरात लिहून पाठवावे. निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही.